माशांच्या खाद्यात समुद्री शेवाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीपासून थोडं आत आमचं गोड्या पाण्याचं तळं आहे, रोहू-कटला-मृगळ करतो आणि शेजारच्या गावातल्या एका भावाच्या खाजणात जिताडा असतो, त्याच्याही खाद्याकडे माझं लक्ष असतं. शेवाळाची पावडर खाद्यात घालायला लागल्यापासून जे फोन येतात त्यात तेच तेच प्रश्न असतात म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. आधीच सांगतो, शेवाळ चांगली वस्तू आहे पण तिच्या नावावर जे खपवलं जातंय त्यातलं निम्मं खरं नाही, आणि शेतकऱ्याचे पैसे त्यातच जातात.

शेवाळ म्हणजे तळ्यात येतं तेच ना?

नाही, आणि हा गोंधळ सगळ्यात आधी मिटवायला हवा. आपण इथे बोलतोय ते समुद्रातल्या कातळावर वाढणारं मोठं शेवाळ. त्याची तीन कुळं आहेत. हिरव्यात अल्वा, पातळ पापुद्र्यासारखं, उजेडात धरलं तर बोट पलीकडून दिसतं. तपकिरीत आपल्याकडे सरगॅसम, त्याला मुगाच्या दाण्याएवढे हवेचे फुगे असतात, दाबले की टचकन फुटतात. लाल कुळात ग्रॅसिलेरिया, ओल्या शेवयांसारखं.

तळ्यातलं हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ, ते वेगळं. ॲझोला तर शेवाळच नाही, ते पाण्यावर तरंगणारं नेचं आहे. स्पिरुलिना हे सूक्ष्म जिवांचं पीक, त्यात प्रोटीन ६० टक्क्यांच्या आसपास असतं आणि हाच आकडा काही लोक बिनधास्त समुद्री शेवाळाच्या पाकिटावर छापतात. तळ्यावर उन्हाळ्यात जी निळसर-हिरवी साय येते ती तर काढून खाद्यात अजिबात घालू नका, त्यातल्या काही जाती विषारी असतात.

मासा मुळात शेवाळ खातो का?

मासा कुठला त्यावर आहे. काळुंदर, बोय, मिल्कफिश हे शेवाळ खरवडून, ओरबाडून खातात, फिलिपिन्समध्ये तर मिल्कफिशची तळी पिढ्यान् पिढ्या तळाशी शेवाळाचा थर वाढवूनच चालवली गेली, त्या थराला तिकडे लॅबलॅब म्हणतात. तिलापियाची आतडी लांब असते, तो बऱ्यापैकी पचवतो. रोहू वनस्पतीचं खाणं घेतो पण त्यालाही समुद्री शेवाळातला चिकट भाग सहज पचत नाही. आणि जिताडा पक्का मांसाहारी, त्याला शेवाळ हे पोट भरायचं अन्न नव्हेच.

शंखशिंपल्यांच्या जातीतला अबॅलोन मात्र शेवाळावरच जगतो. दक्षिण आफ्रिकेत अबॅलोनच्या शेतांवर टाक्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अल्वा वाढवतात, ते शेवाळ पाण्यातला अमोनिया शोषून घेतं आणि मग तेच परत अबॅलोनला खायला जातं. मला या धंद्यातली सगळ्यात सुंदर व्यवस्था हीच वाटते, घाण पाण्यातून खाद्य तयार होतं आणि पाणी पुन्हा वापरता येतं.

प्रोटीन किती असतं? फिशमीलच्या (सुक्या माशांच्या पिठाच्या) जागी चालेल का?

सरळ उत्तर, नाही चालणार. आता का ते सांगतो कारण इथेच जास्त लोक फसतात.

तपकिरी शेवाळात सुक्या वजनाच्या साधारण ३ ते १५ टक्के प्रोटीन असतं. हिरव्या-लालमध्ये १० पासून पुढे, आणि ज्याच्या जपानी नोरी शीट बनतात त्या पोर्फायरा जातीत तर ४७ टक्क्यांपर्यंत नोंद आहे. विक्रेते तो ४७ उचलतात आणि हातात देतात सरगॅसम. आपल्या किनाऱ्यावरचा अल्वा हिशोबाला १५ टक्के धरा. चांगलं फिशमील ६० ते ६५ टक्के, सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) ४५-४६. म्हणजे १ किलो डीओसीतलं प्रोटीन भरून काढायला ३ किलो अल्वा पावडर लागेल आणि तेवढी घातली की खाद्यात दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही.

त्यात अजून एक मेख आहे. लॅबवाले प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. शेवाळात प्रोटीन नसलेला नायट्रोजनही बराच असतो त्यामुळे अभ्यासक शेवाळासाठी ५ ने गुणायला सांगतात. म्हणजे रिपोर्टवर १५ टक्के लिहिलं असेल तर नायट्रोजन २.४ टक्के, त्याला ५ ने गुणलं की खरं प्रोटीन १२ टक्क्यांवर येतं. पुढच्या वेळी कोणी रिपोर्ट दाखवला तर कशाने गुणलंय एवढं विचारा.

तेलाचंही तेच. शेवाळात एकूण चरबीच १ ते ५ टक्के, ती चरबी चांगल्या प्रतीची असते हे खरं पण प्रमाणच इतकं कमी की माशाच्या तेलाची जागा ती घेऊ शकत नाही. ओमेगा-३ साठी जे शेवाळाचं तेल बाजारात येतं ते टाक्यांत वाढवलेल्या सूक्ष्म शेवाळाचं असतं, कातळावरच्या नाही.

मग घालायचं तरी कशाला?

भाजीत आपण मीठ-मसाला घालतो तो पोट भरायला नाही, तसंच हे. थोडं घालायचं आणि त्याचे चार वेगवेगळे फायदे घ्यायचे.

पहिला आणि डोळ्यांना लगेच दिसणारा म्हणजे खाद्य बांधून धरणं. तपकिरी शेवाळात अल्जिनेट असतं, लालमध्ये आगर किंवा कॅरॅजिनन, हे सगळे चिकट पदार्थ आहेत, आइस्क्रीम आणि जेलीत तेच वापरतात. घरी दाबून केलेलं बुडणारं खाद्य पाण्यात पडल्यावर पाच-दहा मिनिटांत विरघळून चिखल होतो ना, तो त्रास कमी होतो. मी काचेच्या ग्लासात दोन्ही खाद्यांच्या चार-चार गोळ्या टाकून ठेवतो, साध्या खाद्याचं पाणी लगेच गढूळ व्हायला लागतं, शेवाळाची गोळी फुगते पण आकार धरून राहते. आणि तळ्यात विरघळलेलं खाद्य म्हणजे नुसते पैसे गेले असं नाही, ते कुजून पाण्यातला ऑक्सिजनही खातं.

दुसरं खनिजं. आयोडीन, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बाकीचे बारीकसारीक घटक.

तिसरं रंगद्रव्यं. रेनबो ट्राउट माशाला पोर्फायरा घातलेलं खाद्य दिल्यावर मांसावर नारिंगी छटा आलेली चाचणीत दिसली आहे. आपल्या रोहूला याचा काही उपयोग नाही, शोभेचे मासे करणाऱ्यांनी मात्र लक्ष द्यावं.

चौथं प्रतिकारशक्ती. लॅमिनारिन, फ्युकॉइडन असे साखरेचे लांब रेणू शेवाळात असतात आणि ते माशाची, कोळंबीची प्रतिकारशक्ती जागी करतात असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. पण यातले पुष्कळ प्रयोग अर्क काढून, टाकीत, थोड्या दिवसांचे केलेले आहेत. वाळवलेली पावडर घातली म्हणून व्हाइट स्पॉट (कोळंबीचा विषाणूजन्य रोग) येणार नाही असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

किती टक्के घालू?

रोहू-कटला-तिलापियाला ३ ते ५ टक्के. कोळंबीला २ ते ३. जिताड्याला सुरुवात २ नेच करा. हे आकडे मी मुद्दाम सावध ठेवलेत.

मागे काय आहे तेही सांगतो. तुर्कस्तानात तिलापियावर ५ टक्के अल्वा घालून केलेल्या चाचणीत, निकाल २००९ मध्ये आले, वाढ चांगली झाली. पोर्तुगालमध्ये युरोपियन सीबासवर तीन शेवाळं तपासली होती, ते २००६ मध्ये छापून आलं, त्यात अल्वा आणि ग्रॅसिलेरियाची एक जात १० टक्क्यांपर्यंत काही वाईट परिणाम न होता चालली पण ग्रॅसिलेरियाचीच दुसरी जात ५ च्या वर नेली तर नुकसान दिसलं. एकाच घराण्यातल्या दोन जाती आणि एवढा फरक! म्हणून कोणी नुसतं 'शेवाळ १० टक्के चालतं' म्हणालं की मी आधी विचारतो, कुठलं शेवाळ आणि कुठला मासा.

जास्त घातलं तर काय होईल?

माझ्याकडे झालंय ते सांगतो. सुरुवातीला एका विक्रेत्याने फोनवर खात्री दिली की २० टक्के घाला, फिशमील पूर्ण बंद करा, खर्च अर्ध्यावर येईल. मी एका तळ्यात केलं. आठवडाभर मासे नीट खात होते, त्यानंतर खाद्याच्या ट्रेमध्ये उरायला लागलं, विष्ठा लांब दोऱ्यासारखी आणि चिकट दिसायला लागली आणि दीड महिन्याने जाळं टाकलं तेव्हा शेजारच्या तळ्यातला रोहू हातात भरत होता आणि या तळ्यातला मासा डोक्याने मोठा, अंगाने सडपातळ. मेला एकही नाही, पण दीड महिना वाया गेला आणि तो हंगामात परत मिळत नाही.

कारण साधं आहे. शेवाळातला चिकट भाग माशाला पचत नाही, उलट तो आतड्यात फुगतो आणि सोबतचं चांगलं प्रोटीनही नीट शोषू देत नाही. राख म्हणजे खनिजांचा भाग सुक्या शेवाळात २० ते ४० टक्के असू शकतो, ती राख पोटात जागा अडवते पण ऊर्जा देत नाही. तपकिरी शेवाळात टॅनिनसारखे तुरट पदार्थ असतात त्याने चव आणि पचन दोन्ही बिघडतं.

आपल्याकडे कुठलं मिळतं आणि कधी?

पावसाळा संपला, समुद्र निवळला की कातळ हिरवे व्हायला लागतात. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चांगलं मिळतं, रत्नागिरी, कुणकेश्वर, मालवण अशा कातळाच्या किनाऱ्यांवर जास्त, नुसत्या वाळूच्या पुळणीवर नाही. मोठ्या ओहोटीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, कातळ लांबपर्यंत उघडे पडतात तेव्हा जायचं.

खाद्याला माझी पसंती अल्वाला. प्रोटीन त्यातल्या त्यात बरं, तुरटपणा कमी आणि दळायला सोपा. सरगॅसम गोळी बांधायला छान पण २-३ टक्क्यांच्या वर मी जात नाही.

एक पथ्य कडक पाळा. अल्वाला सांडपाणी आवडतं, जिथे गटाराचं पाणी समुद्रात येतं तिथे तो सगळ्यात हिरवागार आणि दाट दिसतो, हात आपोआप तिकडेच जातो. तिथलं घेऊ नका. जेटीजवळचं नको, कारखान्यांच्या खाडीतलं नको, मुंबईच्या आसपासचं तर नकोच.

कातळावरचं काढलं तर चालतं का? परवानगी?

मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून काही काढायचं नाही. बाकी ठिकाणी धंद्यासाठी काढायचं असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारा.

आणि कायद्यापलीकडचं एक. त्या शेवाळात शिंपल्यांची पिल्लं, खेकडे, बारीक कोळंबी, माशांची अंडी असतात, किनाऱ्यावरच्या बायका त्याच कातळावर कालवं काढून संसार चालवतात. म्हणून मुळासकट खरवडायचं नाही, कात्रीने किंवा विळीच्या पात्याने वरचा भाग कापायचा, बुंधा चार बोटं ठेवायचा, एका कातळावरचं सगळं न घेता पुढे सरकायचं. वादळानंतर लाटेने आपोआप किनाऱ्याला येऊन पडलेलं ताजं शेवाळ मिळालं तर ते आधी घ्या, फक्त ते त्याच दिवशीचं हवं, कुजलेलं नको.

घरी आणल्यावर काय करायचं?

मी करतो तसं सांगतो. किनाऱ्यावरच समुद्राच्या पाण्यात दोन वेळा खळबळून घ्यायचं म्हणजे वाळू, शंख, खेकडे तिथेच सुटतात. घरी गोड्या पाण्यात एकदा, फार तर दोनदा, पटकन. तासन् तास भिजत ठेवू नका, पोषक द्रव्यं पाण्यात जातात. गोड्या पाण्याने मीठ निघतं आणि ते महत्त्वाचं आहे कारण मीठ राहिलेली पावडर हवेतलं पाणी ओढते.

वाळवायला जुनं जाळं बांबूवर ताणून घ्या आणि त्यावर पातळ पसरा. जमिनीवर, खळ्यात थेट टाकलं की माती येते. पहिल्या दिवशी ऊन, दुसऱ्या दिवशी सावली-वारा असं केलं तर रंग हिरवा राहतो, कडक उन्हात तीन दिवस ठेवलं तर पिवळट-पांढरं पडतं आणि तेव्हा रंगद्रव्यं गेलेली असतात. हातात घेऊन चुरलं की पापडासारखं मोडायला हवं, वाकलं तर अजून ओल आहे.

मग दळण. पिठाची गिरणीवाला घेत नाही, वास बसतो म्हणून, त्यामुळे मसाल्याची छोटी चक्की किंवा मिक्सर. बारीक चाळणीने चाळा. १० किलो ओल्या अल्वातून १ ते सव्वा किलो पावडर निघते, त्यापेक्षा जास्त निघाली तर वाळवण्यात किंवा धुण्यात काहीतरी राहिलंय.

साठवण हवाबंद डब्यात. मे संपायच्या आत पावडर संपवा किंवा डबल पिशवीत घट्ट बांधा, जूनची हवा लागली की गोळे होतात आणि बुरशी येते, बुरशी आलेली पावडर खतात टाका, माशाला नको.

खाद्यात मिसळायचं प्रमाण सांगाल का?

रोहू-कटल्याच्या वाढीच्या खाद्यासाठी १० किलोचं माप असं:

शेंगदाणा पेंड अडीच किलो, सोयाबीन डीओसी २ किलो, भाताचा कोंडा ३ किलो, मक्याचं पीठ १ किलो ३०० ग्रॅम, फिशमील अर्धा किलो, अल्वा पावडर अर्धा किलो, तेल १०० ग्रॅम, मिनरल-व्हिटॅमिन मिक्स्चर १०० ग्रॅम.

एकूण प्रोटीन २८-२९ टक्क्यांच्या आसपास येतं. मिनरल मिक्स्चर सोडून बाकी सगळं कोमट पाण्यात पोळीच्या कणकेपेक्षा थोडं घट्ट मळा, मुटके करून मोदकपात्रात १५-२० मिनिटं वाफवा, गार झालं की व्हिटॅमिनचं मिक्स्चर मळा आणि खिम्याच्या मशीनमधून शेवया काढून सावलीत वाळवा, मग हाताने मोडा. वाफवण्याचा टप्पा गाळू नका, त्याने मक्यातली पिठूळ चीक गोळी धरते आणि कच्च्या डीओसीत व शेवाळात जे पचन अडवणारे घटक असतात त्यातले काही उष्णतेने मोडतात.

शेंगदाणा पेंड घेताना वास घ्या, खवट किंवा काळपट असेल तर परत करा. पेंडीतल्या बुरशीचं विष माशाचं यकृत खराब करतं आणि शेतकरी मग दोष शेवाळाला देतो.

ओलं शेवाळ थेट तळ्यात टाकलं तर?

गोड्या पाण्यात ते काही तासांत मरतं आणि कुजतं. एकदा रात्री ऑक्सिजन कमी होऊन पहाटे मासे वर तोंड करून श्वास घेताना दिसले की मग काय करणार? टाकू नका. खाजणातल्या खाऱ्या पाण्यात काळुंदर किंवा बोय असेल तर थोडं, तेही दोरीला बांधून लटकवून, म्हणजे उरलेलं काढता येतं.

आंबवून घातलं तर पचतं म्हणतात?

हो, यात तथ्य आहे. लॅक्टिक जिवाणूंनी आंबवलं किंवा एन्झाइम वापरले तर लांब साखळ्या काही प्रमाणात तुटतात, आम्लामुळे माल टिकतोही. नॉर्वेसारख्या थंड देशांत ऊन नाही, तिथे केल्प (मोठ्या पानांचं तपकिरी शेवाळ) वाळवण्यापेक्षा असं मुरवून ठेवण्याकडे कल आहे. आपल्याकडे फुकटचं ऊन आहे. घरगुती आंबवणात आंबट-गोडसर वास आला तर ठीक, अंड्यासारखा वास आला तर सडलंय, फेकून द्या. मी नवख्याला आंबवण्याच्या फंदात पडू नका असंच सांगतो.

आर्सेनिक असतं म्हणतात, खाणाऱ्याला धोका नाही ना?

शेवाळ समुद्रातून आर्सेनिक ओढतं, विशेषतः तपकिरी. त्यातलं बरंचसं सेंद्रिय रूपात असतं, ते कमी घातक. घातक ते अजैविक, आणि ते जास्त सापडतं म्हणून जपानी हिजिकी शेवाळ प्रसिद्ध आहे, आणि हे हिजिकी सरगॅसमच्याच घराण्यातलं हे लक्षात ठेवा. युरोपमध्ये पशुखाद्यासाठीच्या शेवाळाच्या पिठात एकूण आर्सेनिकची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम आहे.

घरच्या तळ्यासाठी ५ टक्के अल्वा, स्वच्छ किनाऱ्यावरचा, याला मी घाबरत नाही. पण पावडर करून दुसऱ्याला विकणार असाल तर आर्सेनिक, कॅडमियम, शिसं यांची तपासणी मान्यताप्राप्त लॅबमधून केल्याशिवाय विकू नका, तो मासा कोणाच्या तरी पोरांच्या ताटात जाणार आहे.

माशाची चव बदलते का?

५ टक्क्यांना मला आणि घरच्यांना फरक कळला नाही. रोहूला कधी कधी चिखलाचा वास येतो तो शेवाळाने जाईल का असं विचारतात, नाही, तो तळ्याच्या तळातल्या सूक्ष्म जिवांमुळे येतो, विक्रीआधी स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवणं हाच उपाय.

आयोडीन मात्र वाढतं. केल्पसारखं आयोडीनवालं शेवाळ थोडं जरी घातलं तरी गोड्या पाण्यातल्या माशाच्या मांसात आयोडीन चढतं हे युरोपात 'चार' (char) नावाच्या माशावर दाखवलं गेलंय.

जिताडा आणि कोळंबीला वेगळं काही?

जिताड्याला खाद्यात ४० टक्क्यांच्या वर प्रोटीन लागतं, शेवाळाने ते खाली येऊ देऊ नका, २ टक्के सरगॅसम किंवा ग्रॅसिलेरिया गोळी बांधायला आणि बास. कोळंबी तळाशी बसून गोळी हातात धरून हळूहळू कुरतडते म्हणून तिच्या खाद्याला पाण्यात तास-दोन तास टिकावंच लागतं, इथे शेवाळाच्या चिकटपणाची खरी किंमत कळते. व्हॅनामेई जातीची कोळंबी करणारे बहुतेक कंपनीचं खाद्य वापरतात, त्यांनी वरून पावडर चोळायच्या भानगडीत पडू नये, ती पाण्यात धुऊन जाते.

शेतीसाठी मिळणारं शेवाळाचं लिक्विड खाद्यावर फवारू का?

नको. ते पिकाचं टॉनिक आहे, काही मालात अल्कली आणि टिकवायची रसायनं असतात, माशाच्या खाद्यासाठी ते तपासलेलं नसतं.

गायीच्या ढेकरेतला मिथेन शेवाळाने कमी होतो म्हणतात, ते हेच का?

ते ॲस्पॅरागॉप्सिस नावाचं लाल शेवाळ, रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी. माशाला चार कप्प्यांचं पोट नाही, तो प्रश्नच येत नाही.

स्वस्त पडतं का?

मजुरी धरली तर नाही. १०० किलो खाद्याला ५ किलो पावडर, त्याला ४० ते ५० किलो ओला माल, म्हणजे दोन माणसांची एक ओहोटी, मग धुणं-वाळवणं-दळणं. पेंडीपेक्षा किलोमागे महागच पडतं. फायदा येतो तो खाद्य वाया न गेल्यामुळे आणि मासा तंदुरुस्त राहिल्यामुळे, आणि तोही तुम्ही घरी बुडणारं खाद्य करत असाल तरच. कंपनीचं तरंगणारं खाद्य वापरणाऱ्याला मी शेवाळ घ्या म्हणून सांगत नाही.

मग जग एवढं मागे का लागलंय?

कारण माशाला मासाच खायला घालणं फार काळ परवडणार नाही. २०२२ मध्ये पहिल्यांदाच जगात शेतीतून आलेले मासे-कोळंबी पकडीपेक्षा जास्त झाले, ९ कोटी ४४ लाख टन, आणि खाद्य तर सगळ्यांना हवं. फिशमीलचा मोठा पुरवठा पेरूच्या अँकोव्हीवर, २०२३ मध्ये एल निनोमुळे तिथला पहिला हंगामच रद्द झाला आणि जगभर फिशमीलचे भाव चढले. आपल्या किनाऱ्यावर बघा, तारली आणि बारीकसारीक मासळी टेम्पो भरभरून फिशमीलला जाते, त्यात बोटाएवढी पिल्लंही असतात जी सहा महिन्यांनी बाजारात विकली गेली असती. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, गावातल्या गरिबाच्या कालवणातली तारली अशी पीठ होऊन जाते. म्हणून फिशमील कमी करणारी प्रत्येक गोष्ट करून बघायला हवी, पण त्यातला मोठा वाटा सोया, पेंड, किडे, सूक्ष्म शेवाळ यांच्याकडून येणार, समुद्री शेवाळ त्यांच्यासोबतचं मदतनीस आहे.

दुसरं कारण, शेवाळाला ना जमीन लागते ना गोडं पाणी ना खत. कॅनडाच्या बे ऑफ फंडीत सामन माशाच्या पिंजऱ्यांजवळ शिंपले (मसल) आणि केल्प एकत्र वाढवले गेलेत, माशाची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांच्यातलं नायट्रोजन केल्प वापरतं.

कोकणात शेवाळाची शेती होईल का?

तमिळनाडूत मंडपमच्या बाजूला बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस नावाचं लाल शेवाळ लावतात, साधारण ४५ दिवसांत पीक निघतं, बायकांचे गट ते चालवतात. केंद्राने २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले आणि रामनाथपुरम जिल्ह्यात शेवाळ पार्क मंजूर केला. पण कप्पाफायकस जातं कॅरॅजिननला, त्याचा भाव त्यावर ठरतो, प्रोटीनही कमी, माशाच्या खाद्यात घालायला ते लावण्यात अर्थ नाही.

आपली अडचण पावसाळा. जून ते सप्टेंबर उघड्या समुद्रात तराफा टिकत नाही आणि खाडीत गोडं पाणी येऊन खारेपणा खाली येतो. आणि बाहेरची जात आणताना शंभर वेळा विचार करा, मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ कप्पाफायकस प्रवाळावर पसरल्याचं २००८ मध्ये नोंदलं गेलंय. मला विचाराल तर खाजणातल्या कोळंबी किंवा जिताड्याच्या बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या चरात स्थानिक अल्वा किंवा ग्रॅसिलेरिया वाढवून बघणं हा आपल्याला जमणारा रस्ता. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय जवळ आहे, जात ओळखायला तिथे नमुना घेऊन जा.

विकतची पावडर घेताना काय बघू?

एका ठिकाणहून मी २५ किलोची गोणी मागवली होती, वास ठीक, रंग ठीक. ग्लासभर पाण्यात दोन चमचे टाकून ढवळून ठेवली तर तळाशी बोटाच्या पेराएवढा वाळूचा थर बसला. तेव्हापासून ही ग्लासची चाचणी केल्याशिवाय घेत नाही. चिमूटभर जिभेवर ठेवा, खूप खारट लागली तर धुतलेली नाही. ओल्या बोटांत चोळा, चिकटपणा यायला हवा. पिशवीवर जातीचं नाव, राख किती टक्के आणि कधी काढलंय हे नसेल तर सोडून द्या.

सुरुवात कशी करू?

अख्ख्या तळ्यावर नको. तळ्यात दोन हापे (बारीक जाळीचे पिंजरे) लावा, २ मीटर लांब, १ मीटर रुंद, शेजारी शेजारी, एअरेटरपासून सारख्या अंतरावर. प्रत्येकात साधारण २० ग्रॅमची ५० बोटुकली, म्हणजे १ किलो मासा. एकाला नेहमीचं खाद्य, दुसऱ्याला तेच खाद्य पण कोंडा कमी करून ५ टक्के शेवाळ. वजनाच्या ४ टक्के म्हणजे रोज ४० ग्रॅम, दोन वेळा वाटून, वजन करून. दर १५ दिवसांनी सगळे मासे बादलीत काढून एकत्र वजन घ्या, वहीत तारीख घालून लिहा आणि खाद्याचं वजन नव्याने ठरवा. ६० दिवस तरी चालवा. खाद्य किती गेलं भागिले वजन किती वाढलं हा आकडा दोन्ही हाप्यांचा काढा, ज्याचा लहान ते खाद्य तुमच्या तळ्याला चांगलं. हाप्याच्या जाळीवर शेवाळ धरतं, ते आठवड्याला घासा, नाहीतर पाणी आत-बाहेर होत नाही आणि तुम्ही खाद्याला नावं ठेवाल.